आलेले आणि गेलेले : मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा एक इतिहास

पुरंदर हे नाव उच्चारले की महाराष्ट्रातील श्रोत्यापुढे दोन प्रसंग उभे राहतात. १६५७ साली या गडावर संभाजीराजांचा जन्म झाला, आणि १६६५ साली मिर्झा राजे जयसिंगांशी शिवाजीमहाराजांना तह करून तेवीस किल्ले द्यावे लागले. शाळेच्या पुस्तकातला पुरंदर बहुधा येथेच संपतो. पण गडाचे आयुष्य तहाबरोबर संपत नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने याच पुरंदरावर जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांना बायकामुलांसह अटकावून ठेवले होते. साताऱ्यासही अशीच सोय होती. एकट्या पुरुषांची रवानगी प्रथम अहमदनगरच्या, मग देवळालीच्या आणि शेवटी डेहराडूनच्या छावणीत झाली. युद्धातल्या शत्रूला कैद करावे यात नवल नाही. नवल आहे ते पुढेच. या कैद्यांत हिटलरच्या छळातून जीव वाचवून पळून आलेले ज्यूही होते. ज्याच्या भयाने ते पळाले त्याचीच प्रजा म्हणून ते येथे बंदीत पडले. आणि कित्येकदा हिटलरच्या भक्तांच्या शेजारच्याच खोलीत राहण्याची पाळी त्यांच्यावर आली.

हा विपर्यास इथेच थांबला नाही. १९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मन सरकार ज्यूंच्या पासपोर्टावर तांबड्या शाईने 'जे' हे अक्षर उठवीत असे. १९४१ च्या नोव्हेंबरात त्याच सरकारने फर्मान काढून देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्वच काढून घेतले. म्हणजे इंग्रज म्हणत, तुम्ही जर्मन आहात, म्हणून शत्रू. आणि जर्मन म्हणत, तुम्ही जर्मन नव्हेच. माणूस तोच, गड तोच. फक्त कागद दोन आणि दोन्ही त्याच्याविरुद्ध.

आमच्या आजच्या विषयाचा आरंभ आम्ही या गडापासून करीत आहोत याला कारण आहे. समकालीन कला, स्थलांतर आणि जागतिकीकरण हे शब्द ऐकले की हा काल-परवाचा, परदेशातला विषय असावा असे वाटते. परंतु मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास नीट उलगडून पाहिला तर तो मुळी आलेल्या आणि गेलेल्या माणसांचाच इतिहास आहे, आणि त्याच्या प्रत्येक वळणावर कोणत्या ना कोणत्या सरकारचा कागद आडवा पडलेला आहे, असे दिसून येते. चित्राला सीमा नसते हे सुभाषित आपण नेहमी ऐकतो. ते कितपत खरे, आणि कोणासाठी खरे, एवढेच आम्हांला येथे तपासून पाहावयाचे आहे.

आश्रयाला आलेले

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी रुडॉल्फ फॉन लायडेन हा बर्लिनमध्ये जन्मलेला पंचविशीतला तरुण मुंबईस उतरला. शिक्षणाने तो भूगर्भशास्त्रज्ञ. पण मुंबईत त्याने जाहिरातींची चित्रे केली, व्यंगचित्रे काढली, आणि पुढे 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासमीक्षा लिहून नाव मिळविले. गंजिफांच्या पत्त्यांचा तो पुढे जाणता अभ्यासक झाला. आपल्या सावंतवाडीची ही कला जगाच्या अभ्यासकांपुढे मांडणाऱ्यांत या परकी माणसाचे नाव घ्यावे लागते.

१९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. व्हिएन्नात चित्रकला शिकविणारा वॉल्टर लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हता. पत्नी केटी मात्र ज्यू होती आणि समाजवादी विचारांची होती. एका पारशी विद्यार्थिनीच्या ओळखीने हे जोडपे मुंबईस आले. लँगहॅमर 'टाइम्स'चा कलासंचालक झाला आणि नेपियन सी रोडवरचे त्याचे घर रविवारी तरुण चित्रकारांना मोकळे असे. इमॅन्युएल श्लेसिंगर हा व्हिएन्नाचाच व्यापारी. त्याने मुंबईत औषधांचा कारखाना काढला, आणि ज्या तरुणांची चित्रे कोणी घेत नसे त्यांची चित्रे तो पैसे मोजून घेऊ लागला.

या तिघांची नावे कलेच्या पुस्तकांत येतात. चौथे नाव मात्र फारसे येत नाही. मॅग्डा नाखमान या बाई सेंट पीटर्सबर्गच्या. लेऑन बाक्स्टच्या हाताखाली त्या चित्रकला शिकल्या. मरीना त्स्वेतायेवा या रशियन कवयित्रीचे १९१३ सालचे प्रसिद्ध व्यक्तिचित्र त्यांचेच. रशियात क्रांती झाल्यावर त्यांचा विवाह मं. प्र. ति. आचार्य या मद्रासकडच्या भारतीय क्रांतिकारकाशी झाला. लंडनच्या इंडिया हाऊसपासून ताश्कंदपर्यंत ज्याचा माग इंग्रज सरकारने काढला तो हा गृहस्थ. रशिया सोडून दोघे बर्लिनला आले. बर्लिनमध्ये हिटलर आला तेव्हा बर्लिन सोडून मुंबईला आले. १९५१ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाईंच्या चित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. उद्घाटनास काही तास उरले असतानाच त्या वारल्या. एका माणसाच्या आयुष्यात दोन देश सुटले, आणि दोन्ही वेळा कारण राजकारणाचे.

या निर्वासितांनी मुंबईला काय दिले? आमच्या मते तीन गोष्टी दिल्या. पाहण्यासाठी युरोपातल्या नव्या चित्रांची पुस्तके आणि छापील प्रती दिल्या. कारण ती चित्रे पाहावयास मिळतील असे संग्रहालय येथे नव्हते. चित्रावर गंभीरपणे लिहिणारी समीक्षा दिली. आणि विकत घेणारे गिऱ्हाईक दिले. चित्रकाराला या तिन्ही गोष्टी लागतात आणि त्या एकाच वेळी क्वचित मिळतात.

पण म्हणून मुंबईची आधुनिक चित्रकला या परकीयांनी घडविली, असे म्हणणे अर्धसत्य होईल. धुरंधर, हळदणकर यांच्या पिढीने जे. जे. स्कूलमध्ये हात घोटून घेतला होता. अमृता शेर-गिल यांच्या चित्राला १९३७ साली बाँबे आर्ट सोसायटीने सुवर्णपदक दिले होते. जमीन नांगरलेली होती. पाऊस बाहेरून आला इतकेच. शिवाय या पावसाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ही समीक्षा इंग्रजीत होती, ही घरे नेपियन सी रोडवर होती. ज्याला तेथवर पोचता आले नाही त्याची कला चांगली असूनही जुनी ठरली असेल. ही खंत मराठी चित्रकारांच्या बोलण्यात येते आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्याच दारातून के. एच. आरा आत आले, हेही विसरता येत नाही.

सहा माणसे, सहा गावे

आरांची कथा थोडक्यात अशी. १९१४ मध्ये हैदराबादजवळ बोलारम येथे जन्म. लहानपणीच घरातून पळून मुंबईस आले. घरकाम केले, मोटारी धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. शाळा जवळजवळ नाहीच. या माणसाचे चित्र लायडेनच्या नजरेस पडले, लँगहॅमरने पाठ थोपटली, आणि १९४२ साली त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरले.

१९४७ साली मुंबईत 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप' निघाला त्यात आरा होते. बाकीच्या पाचांची जन्मगावे पाहा. फ्रान्सिस न्यूटन सूझा गोव्यातल्या साळगावचे. सय्यद हैदर रझा मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्याचे. मकबूल फिदा हुसेन आपल्या पंढरपूरचे. हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातल्या तळेगावचे. शिल्पकार सदानंद बाक्रे बडोद्याचे. मुंबईचा चित्रसंप्रदाय म्हणून ज्याची जगाने नोंद घेतली त्या सहा संस्थापकांपैकी एकाचाही जन्म मुंबईचा नव्हे! सूझांचे गाव तर त्या काळी पोर्तुगालच्या राज्यात होते. भारताच्या दृष्टीने ते परमुलुखातून आले होते.

ही माणसे मुंबईस का आली? जी सारी माणसे मुंबईस येतात त्याच कारणांनी आली. कोणी शिकण्यासाठी, कोणी पोटासाठी. हुसेन सिनेमाची मोठमोठी चित्रफलके रंगवीत, पुढे मुलांच्या खेळण्यांचे आराखडे काढीत. गिरणीत काम शोधणारा कोकणी आणि रंग शोधणारा चित्रकार यांच्या प्रवासात फार अंतर नव्हते.

आणि मग त्याच वर्षी फाळणी आली. तिने मुंबईत नवी माणसे आणली. लाहोरहून निघालेले कृष्ण खन्ना बँकेच्या नोकरीनिमित्त मुंबईस आले आणि या मंडळींत मिसळले. दुसऱ्या बाजूने तिने घरे रिकामी केली. रझांचे भाऊ आणि बहीण पाकिस्तानात गेली, पत्नीही गेली. आईबाप याच एकदीड वर्षात वारले. रझा मात्र गेले नाहीत. धर्माच्या नावाने काढलेली ती रेषा ओलांडावी असे त्यांना वाटले नाही. १९४९ च्या जुलैत या गटाचे मुंबईतले पहिले प्रदर्शन भरले. उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केले. चित्रांत नवे काय होते याची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांला एवढेच सुचवावयाचे आहे की ज्या क्षणी हा देश माणसांची वाटणी करीत होता त्या क्षणी गोव्याचा ख्रिस्ती, पंढरपूरचा बोहरी, मंडल्याचा मुसलमान, वऱ्हाडचा मराठी, कोकणी वळणाच्या आडनावाचा बडोदेकर आणि बोलारमचा मोलकरी एका भिंतीवर आपली चित्रे लावीत होते. हे नियोजनाने झाले नव्हते. ज्या शहरात कोणी कोणाला गाव विचारीत नाही त्या शहरात ते आपोआप घडले.

गेलेले

पण हा मेळावा टिकला किती? सूझांच्या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप आला, पोलीस घरी आले. १९४९ मध्येच ते लंडनला निघून गेले. रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. बाक्रे १९५१ मध्ये लंडनला गेले. लँगहॅमरही १९५७ मध्ये हिंदुस्थान सोडून गेला. दोन-चार वर्षांत घर भरले आणि रिते झाले.

लंडनला जाणे त्या वेळी सोपे होते. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा हक्क होता. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या त्या देशाला हात हवे होते. पुढे हात पुरेसे झाले. मग १९६२ चा कायदा आला, परवान्याची चिठ्ठी असल्याशिवाय प्रवेश नाही असे ठरले. दार उघडले ते गरजेने, लावले तेही गरजेने. कलेचा विचार दोन्ही वेळा कोणाच्या मनात नव्हता.

दाराच्या आत गेलेल्यांचे काय झाले? सूझांना काही वर्षे मोठी कीर्ती मिळाली. तरी ते 'भारतीय चित्रकार'च राहिले. लंडनमध्ये बसून लंडनच्या रंगांनी काढलेले चित्र ब्रिटिश कलेच्या इतिहासात बसेना. १९६७ साली ते न्यूयॉर्कला गेले. त्यांचे १९५९ चे 'क्रूसिफिक्शन' हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाने १९९३ मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी, विकत घेतले. कराचीहून १९६४ मध्ये लंडनला गेलेले रशीद अराईन यांना हाच प्रश्न सतावीत होता. ब्रिटनमध्ये राहून काम केलेल्या आशियाई, आफ्रिकी आणि कॅरिबियन कलावंतांचे एक प्रदर्शन त्यांनी १९८९ साली हेवर्ड गॅलरीत मांडले. नाव ठेवले 'दि अदर स्टोरी'. त्यात सूझाही होते. अराईन यांची तक्रार दयेची नव्हती, इतिहासाची होती. तुमच्या देशातल्या आधुनिक कलेची हकीकत आमच्याशिवाय लिहिलीत, म्हणून ती अपुरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इतिहासाच्या अभ्यासकाने या तक्रारीकडे लक्ष दिले पाहिजे. कारण माणसाला देशात घेणे आणि त्याला देशाच्या इतिहासात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कायद्याने होते. दुसरीला फार उशीर लागतो.

बाक्रे १९७५ च्या सुमारास परत आले आणि कोकणात मुरूड-हर्णैला जाऊन राहिले. २००७ साली तेथेच वारले. लंडनहून परतलेला या गटाचा शिल्पकार आपल्या किनाऱ्यावर तीसेक वर्षे राहत होता, आणि आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक होते, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे. इतिहासात न घेण्याचा दोष एकट्या लंडनचा नव्हे.

रझांनी साठ वर्षे फ्रान्समध्ये काढली. १९५६ साली तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळविणारे ते पहिले परदेशी चित्रकार ठरले. परंतु भारताचे नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. अखेरीस ते दिल्लीस परतले आणि २०१६ मध्ये वारल्यावर मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले.

हुसेन यांची गोष्ट नेमकी उलटी. ते परदेशी स्थायिक झालेच नव्हते; ते येथलेच. देवतांच्या त्यांनी काढलेल्या चित्रांवरून १९९६ पासून वाद पेटला, खटले भरले गेले, प्रदर्शनांवर हल्ले झाले. कोणाच्या भावना कशाने दुखावल्या याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ च्या मे महिन्यात त्यांच्यावरील खटले रद्दबातल केले, हे मात्र नोंदले पाहिजे. पण २००६ मध्येच ते देशाबाहेर गेले होते आणि न्यायालयाचा निकालही त्यांना परत आणू शकला नाही. २०१० साली त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. आपल्या कायद्यात दोन देशांचे नागरिकत्व चालत नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट त्यांना परत करावा लागला. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. इंग्लंडातच दफन झाले. चंद्रभागेच्या तीरावर जन्मलेला माणूस सरेच्या मातीत विसावला.

चित्रांचा प्रवास

आता माणसांना बाजूला ठेवून चित्रांचा प्रवास पाहू. १९५४ मध्ये हुसेन यांनी 'ग्राम यात्रा' हे सुमारे चौदा फूट लांबीचे चित्र काढले. खेड्यातल्या जीवनाची तेरा दृश्ये त्यात आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी दिल्लीत आलेले, युक्रेनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेत स्थायिक झालेले डॉ. लेऑन व्होलोदार्स्की यांनी ते विकत घेतले. ते नॉर्वेला गेले, पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला मिळाले आणि दशकानुदशके तेथे राहिले. १९ मार्च २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर, म्हणजे आपले जवळजवळ ११८ कोटी रुपये आले. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर इतकी किंमत आली नव्हती. १९९१ नंतर आपला बाजार जगाला खुला झाला, त्याबरोबर चित्रांचा भावही चढत गेला; रझांच्या 'सौराष्ट्र'ला २०१० साली लंडनमध्ये १६ कोटींहून अधिक रक्कम मिळाली होती.

जागतिकीकरण म्हणतात ते हेच. चित्र दिल्लीहून ऑस्लोला, ऑस्लोहून न्यूयॉर्कला निर्वेध जाते आणि प्रत्येक मुक्कामी त्याची किंमत वाढते. चित्रकार मात्र प्रत्येक मुक्कामी कागद दाखवीत उभा असतो, आणि त्याची किंमत बहुधा घटते.

चित्रालाही अडविणारा एक कायदा आपल्याकडे आहे. त्याचा दाखला मोठा बोलका आहे. १९७२ च्या कायद्यान्वये अमृता शेर-गिल यांची चित्रे राष्ट्राचा ठेवा ठरली आहेत; ती देशाबाहेर विकता येत नाहीत. योग्यच आहे. पण अमृता शेर-गिल यांचा जन्म बुडापेस्टचा, आई हंगेरियन, शिक्षण पॅरिसचे. परदेशात जन्मलेल्या चित्रकर्तीला आपण आपले म्हटले आणि तिचे चित्र उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराला मात्र उंबऱ्याच्या आत राहता आले नाही. तेव्हा जन्मगाव हा 'आपले'पणाचा निकष नाही, हे आपणच आपल्या वागण्याने सिद्ध केलेले आहे.

आजच्या कलावंतांना हे उमगलेले दिसते. कराचीत जन्मून फाळणीत इकडे आलेल्या नलिनी मालानी असोत, किंवा अलीगढहून निघून न्यूयॉर्कला राहिलेल्या झरीना असोत. सुटलेले घर हा त्यांच्या कामाचा विषय आहे. झरीनांनी २००१ साली एका लाकडी ठशात भारत-पाकिस्तानची सीमारेषा कोरली. कागदावर दुसरे काही नाही, फक्त ती वेडीवाकडी काळी रेघ. मुंबईच्या रीना सैनी कल्लाट यांनी विजेच्या तारा विणून जगाचा नकाशा केला आहे. त्या तारा माणसांच्या स्थलांतराच्या वाटा दाखवितात आणि कोठे कोठे त्यांना काटेरी कुंपणाचे रूप येते. जी तार दोन माणसांना जोडते तीच कुंपणही होते. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात हा नकाशा मांडला गेला. चार वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत, याच मुंबईतून हजारो मजूर पायी आपापल्या गावांकडे निघाले तेव्हा तो नकाशा आम्हांला पुन्हा आठवला. शहराने त्यांच्याकडून काम घेतले होते. मुक्काम दिला नव्हता.

मुंबई कोणाची, हा वाद जुना आहे. मराठी माणसाचा या शहरावरचा हक्क त्याने रक्त सांडून मिळविलेला आहे आणि त्याला बाध येईल असे आम्ही काही म्हणत नाही. पण हक्क सांगताना हिशेब पुरा मांडावा. ज्या चित्रकलेचा आपण जगात अभिमान मिरवितो ती साळगाव, बोलारम, मंडला, पंढरपूर, तळेगाव आणि बडोदा यांची आहे. थोडी व्हिएन्ना, बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्गचीही आहे. यातल्या प्रत्येकाला वेशीवर अडवून गाव विचारले असते तर ती झालीच नसती. आणि जे अडविले गेले, परत धाडले गेले, छावणीत कुजले, त्यांच्याबरोबर काय काय बुडाले याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

यापुढे कोणी पुरंदर चढेल तेव्हा मुरारबाजीचे स्मरण त्याने अवश्य करावे. तटाशी उभे राहून क्षणभर त्या दुसऱ्या माणसांचेही करावे, ज्यांना दोन सरकारांनी नाकारले आणि ज्यांच्या सोबत्यांनी खाली मुंबईत आपल्या पोरांच्या हाती ब्रश ठेवला. गड दोघांचाही साक्षीदार आहे. आपण लिहू तो इतिहासही दोघांचा असावा.